वीज गेल्याचा आवाज कसा काढायचा: जुन्या नटांवरचा विनोदी रेडिओ कार्यक्रम

प्रश्न असा आहे. फोंडा तालुक्यातल्या एका हौशी नाट्यमंडळाला दर महिन्याला अर्ध्या तासाचा विनोदी रेडिओ कार्यक्रम करायचा आहे. विषय: जुन्या रंगभूमीवरचे नट आणि दूरदर्शनच्या पहिल्या काळातले कलाकार. प्रहसन, नाट्यपदं, नकला, कोडी असा भरगच्च बेत. नमुन्याचा एक भाग ध्वनिमुद्रित करून वीसेक जणांना ऐकवला. साठीच्या पुढचे हसले, तिशीतले गप्प बसले, आणि मधल्या प्रहसनात कोण बोलतंय हेच बऱ्याच जणांना कळलं नाही. काय चुकलं आणि आता काय करायचं?

चूक बहुतेक वेळा एकच असते. नकल करणारा समजतो की ऐकणाऱ्याला तो नट आठवतोय. स्टेजवर नकल करताना भुवई, मान, चालणं, धोतराचा सोगा हे सगळं मदतीला येतं. रेडिओवर फक्त गळा उरतो. ज्याने तो नट पाहिलेला नाही, त्याला ती नकल म्हणजे एक विचित्र बोलणारा माणूस वाटतो. म्हणून या कार्यक्रमाचा पहिला नियम: आधी ओळख करून द्या, मग नकल करा, आणि नट कानावरून निवडा. त्याचं नाव किती मोठं आहे हा निकष इथे चालत नाही. त्याच्या कामात ऐकू येण्यासारखं काय आहे, ते बघायचं.

उदाहरण घ्या. आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' 1962 मध्ये रंगमंचावर आलं, त्यात प्रभाकर पणशीकरांनी पाच भूमिका केल्या आणि दृश्यं पटापट बदलण्यासाठी फिरता रंगमंच वापरला. एकच माणूस, पाच बोलण्याच्या तऱ्हा, वर कोर्टातली उलटतपासणी. हा मजकूर रेडिओसाठीच जन्मल्यासारखा आहे. 1984 च्या 'ये जो है ज़िंदगी' या मालिकेत सतीश शाह प्रत्येक भागात वेगळ्या माणसाच्या भूमिकेत यायचे, तेही तसंच. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'हम लोग'चे दीडशेहून जास्त भाग झाले आणि प्रत्येकाच्या शेवटी अशोककुमार प्रेक्षकांशी बोलायचे. तो समारोपाचा सूर हीच त्यांची खूण. उलट, नुसत्या देखणेपणासाठी आठवणीत राहिलेला नट कितीही लोकप्रिय असला तरी त्याच्यावर सात मिनिटं ओढता येत नाहीत. दशावतारातला संकासूर लोकांना फार आवडतो, पण त्याची अर्धी गंमत काळ्या अंगरख्यात आणि लांब लाल जिभेत आहे. त्याला घ्यायचंच असेल तर समोर एक घाबरलेलं पोर ठेवा आणि जे दिसतंय ते त्या पोराच्या तोंडून वदवा.

विनोद माणसावर करायचा की प्रसंगावर, हा पुढचा प्रश्न. माझं मत ठाम आहे: प्रसंगावरच करा. अडकलेला पडदा, हरवलेली मिशी, झोपी गेलेला प्रॉम्प्टर, पाहुणा नट वेळेवर न येणं, थेट प्रक्षेपणात कोरा कागद हातात येणं, हे नाटकाच्या आणि टीव्हीच्या धंद्यातच आहे आणि कुणालाही कळतं. नटाचं व्यसन, त्याचं घर, त्याचं शरीर, त्याची जात यावर एकही ओळ नको. गोव्यात तर हे अधिक जपायला हवं. इथल्या संगीताची आणि रंगभूमीची मोठी परंपरा देवळांत गाण्या-नाचण्याची सेवा करणाऱ्या कलावंत घराण्यांतून आली, आणि त्या घराण्यांनी समाजाकडून जे सोसलं त्याची आठवण गावागावांत अजून ताजी आहे. पूर्वी बायकांच्या भूमिका पुरुष करत, त्यावरची स्वस्त कोटीही टाळा. मास्टर दीनानाथांनी गडकऱ्यांच्या 'भावबंधन'मध्ये लतिका उभी केली. त्यामागच्या गायकीचं आणि मेहनतीचं कौतुक आधी येऊ दे. मग विनोदाला जागा आहे ती त्यामागच्या खटाटोपात: नऊवारीत स्टेजवर धावणं, गरम दिव्यांखाली वितळणारा रंग, विंगेत दाढी करायला आलेला न्हावी.

बांधणीसाठी बाहेर शोधायला जाऊ नका, आपल्याकडे तियात्र आहे, म्हणजे गाण्यांनी भरलेलं कोंकणी नाटक. 1892 मध्ये मुंबईत पहिला तियात्र झाला तेव्हापासून हा प्रकार विविधरंगी करमणुकीवर उभा आहे. एक परदा, म्हणजे प्रवेश, संपला की मागे सेट बदलेपर्यंत पुढे कांतारां, म्हणजे गाणी, आणि त्या कांतारांचा कथानकाशी संबंध असायलाच हवा असं नाही. रेडिओला हेच लागतं. सहा-सात मिनिटं बोलणं ऐकून कान थकतो, मग अडीच मिनिटं गाणं, मग पुन्हा ताजा कान. तुमच्या नमुन्यात सलग चौदा मिनिटं संवाद असतील तर तिशीतले गप्प बसले यात नवल नाही.

अर्ध्या तासाच्या जागेत 28 मिनिटांचा मजकूर धरा. ओळखधून अर्ध्या मिनिटाच्या वर नको. सूत्रधारांच्या सुरुवातीच्या गप्पा दोन मिनिटं, पहिलं प्रहसन सहा, गाणं अडीच, कोडं तीन, मग त्या भागाच्या मुख्य नटावरचा तुकडा सात मिनिटं, दुसरं गाणं अडीच, श्रोत्यांची पत्रं दोन, निरोप दीड. ही 27 झाली. उरलेलं एक मिनिट सांध्यांमध्ये आपोआप जातं. मुख्य तुकडा मध्यानंतर ठेवायचा, कारण तोपर्यंत श्रोता सूत्रधारांना सरावलेला असतो आणि त्यांच्या बरोबरीने नटाकडे बघतो.

गाण्याबद्दल एक आग्रह: गाण्याचं विडंबन करू नका. आधीच्या प्रहसनात लोक हसलेले असतात. त्यावर पायपेटी आणि तबल्याच्या साथीने मन लावून गायलेलं नाट्यपद आलं की ज्या नटाबद्दल आपण बोलतोय त्याचं मोठेपण कुणी सांगावं लागत नाही. पूर्ण विस्तार नको. एक आवर्तन, एखादी छोटी तान, मुखड्यावर येऊन थांबा. गोव्यात असं गाणारी माणसं घरटी सापडतात, तेव्हा जुनी तबकडी वाजवण्यापेक्षा आपल्या गावचा गळा घ्या.

सूत्रधार दोन किंवा तीन, त्याहून जास्त नाहीत. मुंबई आकाशवाणीच्या 'पुन्हा प्रपंच'मध्ये प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी इतकीच माणसं होती. तिघांचे तीन स्वभाव, म्हणून नुसता आवाज आला की कोण ते कळायचं. तुमच्याकडे एक नाटकवेडा वयस्कर, एक टीव्हीवर वाढलेली मध्यमवयीन बाई आणि एक यातलं काहीच न पाहिलेला विशीतला मुलगा असा त्रिकोण ठेवा. तो मुलगा सर्वांत महत्त्वाचा. "म्हणजे काय?" असं तो विचारतो तेव्हा तिशीतल्या श्रोत्याच्या मनातलाच प्रश्न विचारतो, आणि माहिती भाषणासारखी न येता उत्तर म्हणून येते. मात्र त्याला मूर्ख ठरवू नका. त्यालाही एखादी गोष्ट ठाऊक असू दे जी म्हाताऱ्याला ठाऊक नाही.

भाषेचं म्हणाल तर सूत्रधार मराठीत बोलू देत आणि पात्रांच्या तोंडी हवी तिथे कोंकणी येऊ दे. इथला श्रोता घरात कोंकणी बोलतो आणि जत्रेतलं नाटक मराठीत बघतो, त्याला ही सरमिसळ अजिबात खटकत नाही. नुसतं "कितें जालें?" एवढ्यानेसुद्धा घर उभं राहतं. तरुण नटांचे उच्चार मात्र बसवून घ्या. 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च एकच झाला की कान लगेच अडखळतो, आणि ळ चा ल झाला तर नाट्यपदाची रयाच जाते.

आता एक तुकडा जवळून बघू. काळ 1987. त्या वर्षी 25 जानेवारीला 'रामायण' सुरू झालं, रविवारी सकाळी साडेनऊला, आणि लोक टीव्हीला हार घालून समोर बसू लागले. जागा: वाड्यावरचा (वस्तीतला) एकमेव टीव्ही असलेलं भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, घर. नाटकाची तालीम सोडून सगळी मंडळी तिथे जमली आहेत.

(छतावरच्या पंख्याची घरघर. माणसांची कुजबूज. टीव्हीतून शंखध्वनी. अचानक शंख आणि कुजबूज दोन्ही बंद. पंखा मंदावत मंदावत थांबतो.)
शांताक्का: गेली!
गजानन: शांताक्का, कोण गेली? सीता?
शांताक्का: सीता कुठली गजानना, वीज!
(दोन सेकंद शांतता. लांबून कोंबडा.)
भाटकार: गजानन, जत्रेतल्या नाटकात राम कोण होता रे?
गजानन: मीच, भाटकारांनू.
भाटकार: मग ऊठ. टीव्हीपुढे उभा राहा आणि पुढचं म्हण.
गजानन: पण मला प्रॉम्प्टर लागतो!
शांताक्का: म्हण रे. हार टीव्हीला घातलाय, तुला नाही. चुकलास तरी पाप लागायचं नाही.

यात काय घडतं ते पाहा. तिघांपैकी प्रत्येकाचं नाव किंवा हुद्दा दुसऱ्याच्या तोंडून येतो, तोही संबोधनात. पहिल्या पाच ओळींत एका खोलीत तीनच आवाज आहेत, तीन वयांचे. चौथा माणूस अजून दाराबाहेर आहे. तुमच्या नमुन्यात कोण बोलतंय ते कळलं नाही, कारण बहुधा सगळे एकदम आत शिरले आणि कुणी कुणाला नावाने हाक मारली नाही. शिवाय 'रामायण' न पाहिलेल्यालाही हा प्रसंग कळतो. वीज जाणं आणि हौशी नटाला वाक्य न आठवणं, एवढंच त्याला ठाऊक असावं लागतं. मालिकेतला एकही संवाद किंवा संगीत वापरलेलं नाही. शंख आपलाच.

आणि वीज जाते ती कशी? वीज जाण्याला स्वतःचा आवाज नसतो, चालू असलेला आवाज बंद पडतो. म्हणून पंख्याची घरघर निदान दहा सेकंद आधीपासून ऐकू आली पाहिजे, इतकी की श्रोता ती विसरून जावा. ती सुरुवातीला दिली नसेल तर नंतर 'वीज गेली' असं ओरडून उपयोग नाही. पंखा खराच मुद्रित करायचा: माईक पात्यांच्या वाऱ्याच्या झोतात नको, बाजूला भिंतीकडे ठेवा, दोन मिनिटं चालू पंखा घ्या आणि मग बटण बंद करून तो पूर्ण थांबेपर्यंत घ्या. पाती थांबायला अर्धं-पाऊण मिनिट लागतं. मिश्रण करताना त्यातलं पहिलं चार-पाच सेकंदांचं मंदावणं ठेवा आणि बाकीचं हळूच विरवून टाका.

बाकीचे आवाज घरच्या वस्तूंनी निघतात आणि ते आंतरजालावरून उतरवलेल्या आवाजांपेक्षा चांगले वाटतात, कारण ते तुमच्याच खोलीत झालेले असतात. घोड्यासाठी सुकलेल्या नारळाच्या दोन करवंट्या. कडक रस्त्यासाठी चिऱ्यावर वाजवा, मातीच्या वाटेसाठी परातीतल्या ओल्या रेतीत, आणि घोडा लांब असेल तर करवंटीत फडकं कोंबा. गडगडाटाला दोन-अडीच फूट रुंदीचा पातळ पत्रा वरून टांगून खालच्या कडेला धरून हलवायचा. आपटायचा नाही, आपटला की डबा वाजल्यासारखा वाटतो. पावसाला सुपात तांदूळ फिरवा. पडदा वर जातानाचा आवाज लाकडी कप्पीवरून ओढलेल्या सुंभाचा असतो, त्यात जाड चादर जमिनीवरून फरफटवा. नाटकाची तिसरी घंटा पितळेचीच हवी, आणि घंटेनंतर प्रेक्षागृहातली कुजबूज एकदम उतरली पाहिजे. ते उतरणं नसेल तर घंटा देवळातली वाटते.

संहिता लिहिताना शब्द मोजा, पानं नकोत. विनोदी संवाद मिनिटाला साधारण 120 ते 130 शब्दांच्या वेगाने जातो, पण थांबे, आवाज आणि हशा धरला की 105-110 च पडतात. सात मिनिटांच्या तुकड्याला साडेसातशे शब्द पुरेत. पहिल्या वाचनाला घड्याळ लावा. तुकडा नेहमीच लांबलेला असतो, आणि तेव्हा कात्री माहितीवर चालवा, प्रसंगावर नको. नटाची जन्मतारीख, त्याची पहिली नाटक कंपनी आणि त्याला मिळालेले पुरस्कार एकाच दमात वाचणं हा या प्रकारच्या कार्यक्रमाचा सर्वांत मोठा शत्रू आहे. एका भागात नटाबद्दल तीन गोष्टी पुरतात, आणि त्या तिन्ही प्रसंगात गुंफल्या पाहिजेत. दीनानाथांचा जन्म 1900 मधला, मंगेशीचा, आणि बळवंत संगीत मंडळी 1918 मध्ये निघाली. या दोन तारखांच्या मधे मंगेशीचा मुलगा अवघ्या सतरा-अठरा वर्षांचा असताना नाटक कंपनीचा चालक होतो, ही गोष्ट आहे. हिशेबाची वही धरलेला अठरा वर्षांचा मालक आणि त्याच्याहून दुप्पट वयाचा आचारी, हे झालं प्रहसन.

माहिती पक्की करायला पणजीत पाटो येथे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. 'गोमन्तक' दैनिक मार्च 1962 मध्ये सुरू झालं. त्यानंतरच्या जुन्या अंकांतल्या नाटकांच्या जाहिराती चाळल्या की कुठलं नाटक कुठे, किती वाजता, तिकीट किती, असे बारकावे हाती लागतात आणि त्यातून विनोद आपोआप सुचतो. तारीख एकाच ठिकाणी सापडली तर ती वापरू नका. ऐकणाऱ्यांत त्या नाटकाला गेलेला एखादा तरी असतोच.

कोड्याची जागा छोटी पण मोलाची. तीन खुणा द्या: पहिली जाणकारासाठी, दुसरी सर्वसाधारण श्रोत्यासाठी, तिसरी इतकी सोपी की घरातलं पोरही ओरडेल. उत्तर त्याच भागात द्या. पुढच्या महिन्यापर्यंत कुणी थांबत नाही.

मुद्रणाची खोली. गोव्यात वर्षातले चार महिने पाऊस नळ्यांच्या छपरावर आणि पत्र्यावर वाजतो. तेव्हा स्लॅब असलेली, निदान वर एक मजला असलेली खोली शोधा. भिंतीला गोधड्या, जमिनीवर सतरंजी, कोपऱ्यात कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट. टाळी वाजवून बघा, मागून टणत्कार आला तर आणखी कापड हवं. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा सकाळी आणि पुन्हा चहाच्या वेळी येणार, चर्चची आणि देवळाची घंटा ठरल्या वेळी वाजणार, फेस्ताच्या दिवशी फटाके लागणार. हे सगळं आधीच वहीत लिहून ठेवा आणि मधल्या दीड-दोन तासांत काम उरका. पंखा, फ्रिज, इन्व्हर्टर बंद. फ्रिज बंद केला तर आपली गाडीची किल्ली त्यात ठेवा, म्हणजे जाताना तो चालू करायला कुणी विसरत नाही. मुद्रणाच्या शेवटी सगळ्यांनी गप्प राहून एक मिनिट रिकामी खोली मुद्रित करायची. संपादनात जिथे वाक्य कापाल तिथे ही शांतता भरायची असते. पूर्ण नि:शब्द भोक ठेवलं तर कानाला ठेच लागते.

माईक साधे डायनॅमिक चालतील, ते खोलीतला बाकीचा गोंधळ कमी उचलतात. कंडेन्सर माईक असेल तर दमट हवेत तो चुरचुरायला लागतो, तेव्हा वापर झाला की झाकण घट्ट असलेल्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. तोंड आणि माईक यांत 10 ते 15 सेंटिमीटर, आणि माईक नाकासमोर सरळ न ठेवता थोडा बाजूला, म्हणजे प, फ, भ फुटत नाहीत. चार नट, चार माईक असतील तर दोन माईकांमधलं अंतर हे तोंड-माईक अंतराच्या तिप्पट तरी हवं. नाहीतर एकाचा आवाज दोन माईकांत जातो आणि मिश्रणात तो नळीतून आल्यासारखा पोकळ होतो. हा दोष नंतर काढता येत नाही. माईक दोनच असले तर दोघांत एक घ्या. तो उलट बरा, नटांना एकमेकांचे डोळे दिसतात. बाहेरून आत येणाऱ्या पात्राने दोन पावलं मागे, तोंड भिंतीकडे करून सुरुवात करायची आणि बोलत पुढे यायचं. ओरडताना मागे झुकायचं, कुजबुजताना पुढे. मुद्रण 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर, आणि नेहमीच्या बोलण्याचे उंचवटे उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू देत. गजाननची किंकाळी कधी येईल सांगता येत नाही, तिला वर जागा हवी.

कागद एका बाजूला छापलेला, टाचणी न मारलेला. वाक्य एका पानावरून दुसऱ्यावर तोडायचं नाही. वाचून झालेलं पान फडकं घातलेल्या टेबलावर सरकवायचं. ही क्षुल्लक बाब वाटते, पण हौशी मुद्रणातली निम्मी खरखर कागदाचीच असते.

हशा खरा घ्यावा की विकतचा? विकतचा कधीच नको. तो प्रत्येक वेळी सारखाच येतो आणि श्रोत्याला फसवल्यासारखं वाटतं. प्रहसनं तीस-चाळीस माणसांसमोर मुद्रित करा: वाचनालयाचा हॉल, देवळाचा सभामंडप, एखाद्या रवींद्र भवनातली छोटी खोली. प्रेक्षकांकडे तोंड करून दोन माईक, डावा-उजवा, स्टेजच्या पुढच्या कडेला, आणि ध्वनिक्षेपकाची पाठ त्यांच्याकडे. नटांना एक गोष्ट शिकवा: हशा चढत असताना बोलायचं नाही आणि पूर्ण ओसरेपर्यंत थांबायचंही नाही. तो उतरणीला लागून तिसऱ्या हिश्श्यावर आला की पुढचं वाक्य टाकायचं. स्वतः हसायचं तर अजिबात नाही. नट हसला की श्रोत्याला हसायला कारण उरत नाही. मिश्रणात एक तांत्रिक खोडी येते. आवाजाला एक मीटर कापायला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात. प्रेक्षकांचा माईक नटापासून दहा मीटर असेल तर त्यात नटाचं बोलणं 30 मिलिसेकंद उशिरा पोचतं आणि दोन्ही एकत्र केले की घुमल्यासारखं होतं. प्रेक्षकांच्या माईकची पट्टी तेवढी आधी सरकवा, आणि संवाद चालू असताना ती खाली ठेवून फक्त हशाला वर उचला.

हक्कांचा भाग नीट समजून घ्या, इथे मंडळं नकळत अडकतात. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं त्याचा हक्क राहतो. देवल 1916 मध्ये, गडकरी 1919 मध्ये, खाडिलकर 1948 मध्ये गेले, त्यांची नाटकं मोकळी आहेत. चिं. वि. जोशी 1963 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंच्या कथा 1 जानेवारी 2024 पासून मोकळ्या झाल्या. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी जे चिमणराव-गुंड्याभाऊ उभे केले त्या मालिकेचा हक्क मात्र वेगळा, तो या कथांबरोबर मोकळा होत नाही. अत्रे 1969 मध्ये गेले, म्हणून त्यांच्या संवादांना 2029 संपेपर्यंत परवानगी लागेल. पु. लं.ना 2060 संपेपर्यंत. गाण्यात तीन हक्क असतात, शब्दांचा, चालीचा आणि तबकडीचा, आणि तिन्ही तपासावे लागतात. 'स्वयंवर'ची पदं खाडिलकरांची, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, आणि बुवा 1922 मध्ये गेले, तेव्हा ही पदं गावच्या गायकाकडून गाऊन घ्यायला अडचण नाही. 'मत्स्यगंधा'ला चाली मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींच्या, ते 1998 मध्ये गेले, म्हणजे चालीलाच 2058 अखेरपर्यंत परवानगी हवी. त्या नाटकातल्या रामदास कामत आणि आशालता या दोन गोमंतकीयांचा भाग करताना हा खर्च आधीच धरा. मालिकांची शीर्षकगीतं आणि दूरदर्शनची ओळखधून उचलू नका. त्या सुरांची आठवण करून देणारी नक्कलही नको. आपली स्वतःची चार सुरांची धून बांधा.

हयात कलाकारावर तुकडा करायचा असेल तर संहिता आधी त्यांच्याकडे पाठवा आणि लेखी होकार घ्या. आणि संगणकाने कुणाचाही आवाज हुबेहूब बनवून वापरू नका. अनिल कपूर यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये त्यांचं नाव, आवाज आणि प्रतिमा असा वापर करण्याला मनाई केली. कायदा बाजूला ठेवला तरी माणसाने केलेल्या नकलेत जो प्रेमाचा अंश असतो तो त्यात येत नाही.

ज्येष्ठ नटांच्या मुलाखती या कार्यक्रमाचं खरं धन आहे, आणि त्या लवकर घ्यायला हव्यात. सकाळी जा, तासाभराच्या वर बसू नका, कोमट पाणी जवळ ठेवा. "तुमच्या कारकिर्दीबद्दल सांगा" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं. "पडदा अडकला तेव्हा काय केलंत?", "जत्रेतल्या नाटकाला जेवण कुठे असायचं?", "सहनट वाक्य विसरला तर त्याला कसं सांभाळलंत?" असं नेमकं विचारा. चाळीस मिनिटांतून पाच-सहा मिनिटं निघतात. त्यातली एखादी आठवण सूत्रधाराने पुन्हा सांगू नये, तिचं प्रहसन करावं आणि शेवटी त्या नटाचं एकच खरं वाक्य त्याच्या आवाजात सोडावं.

कुठे वाजवायचं? आकाशवाणीच्या पणजी केंद्राकडे नाट्यस्वरचाचणी देऊन नटांची निवड होते, आणि तिथे संहिता आधी तपासली जाते. कुठल्याही धर्माला किंवा समाजाला दुखावणारं, अश्लील, बदनामीकारक काही चालत नाही, आणि व्यापारी नावंही टाळावी लागतात. सामुदायिक रेडिओलाही हेच नियम लागू आहेत. त्यांच्या प्रक्षेपणाची ताकद 100 वॅटपर्यंत, म्हणजे आसपासची गावं एवढाच आवाका, पण तुमच्या कार्यक्रमाचा श्रोता तोच आहे. जालावर टाकणार असाल तर मोकळ्या झालेल्या तबकडीवरही एखाद्या कंपनीचा संगणकाने आपोआप केलेला हक्काचा दावा येऊ शकतो. उत्तर द्यायला प्रकाशनाचं वर्ष आणि गीतकार-संगीतकारांच्या निधनाची वर्षं एका कागदावर तयार ठेवा.

मिश्रण जालासाठी एकसुरी (मोनो) असेल तर सरासरी पातळी उणे 19 लफ्स (LUFS, कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप), दोन कानांचं (स्टिरिओ) असेल तर उणे 16, आणि सर्वांत उंच टोक उणे 1 डेसिबलच्या खाली. रेडिओ केंद्राला देताना त्यांची पातळी विचारून घ्या. मग तीन ठिकाणी ऐका: चांगल्या हेडफोनवर, स्वयंपाकघरात नळ चालू असताना मोबाईलच्या स्पीकरवर, आणि कदंब बसमध्ये मागच्या सीटवर इयरफोन लावून. बसमध्ये शांताक्काचं "वीज!" ऐकू आलं नाही, तर सगळा भाग मोठा करू नका. तेवढा एक शब्द तीन डेसिबलने उचला आणि त्याच्या आधीचा पंखा थोडा खाली करा.